न्यूयॉर्कसाठी आणलेली पेज

ऐंशी सालानंतरची सात-आठ वर्षं मी फोर्टमधल्या एका शेअर दलालाच्या ऑफिसात टायपिस्ट होते. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, तीन टेलिफोन आणि एक पंखा. आमचे शेठ माणूस म्हणून फार बरे, पण त्यांचा एक नियम होता: टायपिस्टने टाइप करायचं, वाचायचं नाही. तो नियम मी मनापासून पाळला. त्यामुळे इतकी वर्षं बाजारात काढूनही बाजारातलं मला तेवढंच कळत होतं, जेवढं चर्चची घंटा वाजवणाऱ्याला धर्मशास्त्र.

आमच्या गावात मात्र मी ‘शेअर बाजारात’ होते. गाव आगाशीच्या बाजारापासून पंधरा मिनिटांवर. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात पुरुष मंडळी मला गाठायची. “काय बाय, काय म्हनते बाजार?” मी म्हणायचे, “ठीक आहे.” एवढ्यावर लोक समाधानाने मान हलवत आणि आपापसात हळू आवाजात बोलत निघून जात. एका रविवारी मला सर्दी झाली होती, म्हणून मी उत्तराऐवजी नुसती शिंकले. पुढच्या रविवारी आमचे शेजारी म्हणाले, “मी तवाच वळखलं, भाव उतरनार.” भाव खरंच उतरला होता. त्यानंतर मी सर्दी झाली की शेवटच्या बाकावर बसून लवकर सटकायला लागले.

हे शेजारी तरुणपणी बोटीवर नोकरीला होते. जगातली सगळी बंदरं त्यांनी पाहिली होती आणि प्रत्येकाबद्दल त्यांचं एकच वाक्य होतं: “बंदर चांगलं हाय, पन पानी खारट.” परदेशाबद्दल काही अडलं की गाव त्यांना विचारायचं आणि पैशाबद्दल काही अडलं की मला. दोघांच्याही ज्ञानाची खोली साधारण सारखीच होती.

बाबांची केळीची वाडी होती, बांधाला पानवेलीही होत्या. बाबांचा आवाज मोठा. वाडीच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाशी ते ओरडून बोलत आणि वर म्हणत, मी तर हळूच बोलतो. या आवाजामुळे सणाच्या रविवारचा चर्चचा लिलाव वीस वर्षं त्यांच्याकडे होता. त्या दिवशी प्रत्येक वाडीतला पहिला घड, कोणाची कोंबडी, कोणाचा भोपळा, असं काय काय अर्पण म्हणून यायचं आणि मिस्सेनंतर आवारातच त्याचा लिलाव व्हायचा. पैसे चर्चला. बाबा उंच चौथऱ्यावर उभे राहून एकवार, दोनवार, तीनवार पुकारायचे.

या लिलावाचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण लहान पोरालाही ठाऊक होता. कोणाच्याही वाडीचा घड गेल्या वर्षीपेक्षा कमी भावात जाऊ द्यायचा नाही. देणाऱ्याचा अपमान होतो. बोली अडली, की कोणीतरी घरंदाज माणूस पुढे व्हायचा आणि ती वर न्यायचा, मग त्याच्या स्वतःच्या घरी केळी पिकून काळी पडत असोत. एका वर्षी एका माणसाने आपणच दिलेला घड आपणच बोली लावून दुप्पट भावाने घेतला आणि डोक्यावर ठेवून ताठ मानेने घरी नेला. बाबांच्या मते बाजार म्हणजे हे. भाव वर जातो. तो अडला तर चांगल्या माणसाने पुढे व्हायचं. भाव खाली जातो तो फक्त दादरला, कारण तिथला केळ्याचा दलाल लबाड आहे. वीस वर्षांत ही समजूत एकदाही खोटी ठरली नव्हती.

आईचा धंदा वेगळा होता आणि तो पूर्ण तिचा होता. ती सुकेळी करायची. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, काठ्यांच्या मांडवावर चटई घालून त्यावर ओळीने मांडायची, दिवसातून दोनदा उलटायची, संध्याकाळी घरात घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. सातआठ दिवसांनी ती मधाच्या रंगाची झाली, की केळीच्याच वाळक्या पानात घट्ट बांधायची. आगाशीच्या बाजारात तिच्या पुड्या लोक नाव विचारून घ्यायचे. या कामात बाबा कधी हात घालत नसत. ते बायकांचं काम होतं आणि त्याचे पैसे बायकांचे होते. आई ते पोस्टात ठेवायची.

तिची अडचण एकच होती. आमच्या अंगणात ऊन कमी. पूर्वेला घर, दक्षिणेला चिंच. दहाला आलेलं ऊन तीनला निघून जायचं, आणि आई मांडव उचलून त्याच्यामागे फिरायची. अंगणाच्या पश्चिमेला बाबांच्या चुलतभावाची, म्हणजे माझ्या काकांची, सहा गुंठ्यांची पट्टी होती. तिच्यावर एक झाड नाही. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत तिथे ऊन नुसतं पडून असायचं, आणि त्याचा उपयोग काकांचा एक कुत्रा सोडून कोणालाच नव्हता. लग्न होऊन आल्यापासून आई त्या पट्टीकडे बघत होती. तिला जमीन नको होती, ऊन हवं होतं.

पंचवीस वर्षं सुकेळी विकून तिच्याजवळ पट्टीपुरते पैसे जमले, तेव्हा ती स्वतः काकांकडे गेली. काका म्हणाले, “वयनी, तुला सोडून मी कोनाला देनार? पोराचं लगीन उरकू दे, सातबारा नीट करून घेतो, मग आपन बसू.” आई घरी आली आणि तिने त्या दिवशी विनाकारण शिरा केला. आमच्या घरात शिरा नाताळ आणि ताप यांसाठी राखून ठेवलेला होता.

नेमका त्याच सुमारास बाजार चढायला लागला. आमच्या ऑफिसात तिन्ही टेलिफोन एकदम वाजायचे. नव्या कंपन्यांच्या अर्जांचे गठ्ठे फोर्टच्या फुटपाथवर मोज्यांच्या आणि कंगव्यांच्या शेजारी मांडलेले असत. विरारला मनवेलपाड्यातल्या एका चाळीत म्हणे अख्ख्या मजल्याने मिळून अर्ज भरले होते आणि शेअर लागल्यावर अख्ख्या मजल्याने मिळून भांडण केलं होतं. केस कापणारा, दूध घालणारा, आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर, सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं अशी पाळी यायला अजून दोन वर्षं अवकाश होता, त्यामुळे सगळे आनंदात होते.

बाबांनी एका संध्याकाळी विषय काढला. “पोरग्याचं लगीन होयपर्यंत तुजा पैसा पोस्टात झोपून ऱ्हाणार. तवर तो बाजारात घाल. पट्टी पन होईल, वर पंप पन होईल.”

आई केळी घरात घ्यायला उठली. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा ती पुड्या बांधत होती. दोरा दातात धरून तिने मला विचारलं, “तू तिकडं काम करते. तू सांग. घालू काय?”

मला माहीत नव्हतं. शेठ फोनवर काय बोलतात ते मी ऐकायचे, पण ते दर तासाला वेगळं बोलत. खरं उत्तर ‘मला कळत नाही’ हे होतं. पण त्या घरात मला पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी विचारत होतं. मी म्हणाले, “घाल.” उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याला. त्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

कंपनी आईनेच निवडली. मी चार-पाच अर्ज आणले होते, त्यातल्या एकावर शेतकऱ्याचं चित्र होतं. तो हसत होता आणि त्याच्या पायाशी प्लास्टिकच्या पाइपमधून पाणी पडत होतं. आई म्हणाली, “पाइप तर लागतोच.” बाजारातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी त्या वर्षी याहून जास्त विचार केला होता असं मला वाटत नाही. पैसे तिचे म्हणून शेअर तिच्या नावावर. मी पेन्सिलीने फुली करायची आणि ती फुलीवर सही करायची. ती सही करताना श्वास रोखून धरायची.

अर्ज लागला. पन्नास शेअर मिळाले आणि गावात बातमी अशी फिरली की आमच्या आईची कंपनी आहे. भाव वर गेला, मग पोस्टातलं होतं नव्हतं ते सगळं काढून त्याच कंपनीचे आणखी घेतले, चढ्या भावाने. कागद आले ते आईने कपाटात आमच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांबरोबर ठेवले. भाव आणखी चढला. आता मला सर्दी नसताना सुद्धा लोक माझ्या नाकाकडे बघायला लागले.

काकांच्या मुलाचं लग्न झालं. आई म्हणाली, “आता विका. पट्टीचं बगा.”

शेठही तेच म्हणाले. मी भीत भीत त्यांना आईच्या शेअरबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “बेन, विकून टाका. घरात आला तो नफा, बाकी सगळी बातमी.”

मी घरी येऊन हे बाबांना सांगितलं. बाबांनी एकवार, दोनवार पुकारताना हात जसा वर धरायचे तसा धरला आणि म्हणाले, “थांब. अजून बोली यायची हाय.”

बोली आली नाही. भाव अडला आणि मग उतरायला लागला. पहिल्या आठवड्यात थोडा, दुसऱ्यात बराच. आता बाबांनी जे केलं ते आमच्या गावाबाहेरच्या माणसाला समजणार नाही, आणि आमच्या गावातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. भाव अडला होता आणि कोणी पुढे होत नव्हतं, म्हणून ते पुढे झाले. केळीचे त्या हंगामाचे आलेले पैसे घेऊन त्यांनी त्याच कंपनीचे आणखी शेअर घेतले. या वेळी आईची सही लागू नये म्हणून स्वतःच्या नावावर. शेठच्या समोर बसून त्यांनी पैसे मोजले तेव्हा त्यांचा चेहरा कोंबडीची बोली वाढवणाऱ्या घरंदाज माणसाचा होता. कंपनीने त्यांचे आभार मानले नाहीत. भाव उतरतच राहिला.

शेठनी मला बाजूला घेतलं. “बेन, कंपनीमध्ये पाइप कमी आहे, चित्र जास्त आहे. आईची सही आणा, मिळेल त्या भावात काढून देतो.” आणि शेअर विकायचा छापील फॉर्म माझ्या हातात दिला. मी तो घरी आणला. बाबा म्हणाले, “तिला आता नको सांगू. चढला की सांगू.” मी फॉर्म पर्समध्ये ठेवला. तो तिथे चार महिने राहिला. एकदा फार चुरगळला, म्हणून मी ऑफिसातून नवा घेतला आणि तो ठेवला. रोज संध्याकाळी आई मला चहा द्यायची, पर्स माझ्या मांडीवर असायची आणि मी मूग गिळून चहा प्यायचे.

काका थांबले. मग आणखी थांबले. शेवटी मुंबईहून आलेल्या एका बिल्डरला त्यांनी अख्खी वाडी दिली, पट्टीसकट. ते स्वतः सांगायला आले. खुर्ची असताना खाली बसले. म्हणाले, “वयनी, मी दोन येळा दादाला इचारलं. दादा म्हनले, थांब.” आई म्हणाली, “बरं.” काका गेल्यावर बाबा तिला म्हणाले, “त्याचा सातबारा साफ नाय. आपन वाचलो.” आई त्यावरही “बरं” म्हणाली आणि चिंचेच्या सावलीतून मांडव ओढायला गेली. तिचे पैसे जागेवर आहेत असं तिला वाटत होतं. दुसरी जागा बघता येईल असं ती मला एकदा म्हणालीसुद्धा.

मग सत्त्याऐंशी सालचा ऑक्टोबर आला आणि न्यूयॉर्कचा शेअर बाजार एका दिवसात कोसळला. मागोमाग लंडन, टोकियो, हाँगकाँग. आमच्या ऑफिसात त्या दिवशी टेलिफोन नेहमीपेक्षा कमी वाजले. शेठ शेंगदाणे खात म्हणाले, “आपला बाजार आधीच जमिनीवर झोपलेला. झोपलेला माणूस पडणार कुठे?” मी तीन पत्रं टाइप केली आणि नेहमीची गाडी पकडली.

गावात मात्र टीव्हीवरच्या बातम्यांत लोकांनी पाहिलं होतं. टाय लावलेली मोठमोठी माणसं डोक्याला हात लावून उभी. खाली जमिनीवर कागदांचा खच. बातमी वाचणारी बाई म्हणाली होती, शेअर बाजारात हाहाकार. आणि गावात शेअर बाजारातलं माणूस एकच होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बसमधून उतरून घराशी आले, तर दारात चपलांचा ढीग. आमच्याकडे इतक्या चपला एकाच कारणासाठी जमतात. आत धावले तर आई आणि बाबा दोघंही जिवंत. बाबा ओसरीवर खुर्चीत मान खाली घालून, भोवती पंधरा-वीस माणसं, सगळी गप्प. कोपऱ्यात झाकून ठेवलेली तीन पातेली. आमच्याकडे ज्या घरात मयत होतं तिथे चूल पेटवत नाहीत, शेजारचे पेज आणि सुकटीची चटणी आणून देतात. तीन घरांनी न्यूयॉर्कसाठी पेज आणली होती.

“ये बाय,” चर्चमागे राहणारी म्हातारी मावशी मला म्हणाली आणि तिने मला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला. “देवाची मर्जी. रडू नको.”

मी रडत नव्हते, पण तिने सांगितल्यावर मला रडू येईल असं वाटायला लागलं.

बोटीवरच्या शेजाऱ्यांना सगळ्यांनी मधे जागा दिली होती, कारण मयताला त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं होतं. ते म्हणाले, “मी बगितलाय त्या बाजाराचा रस्ता. एवढासा हाय. आपल्या आगाशीच्या बाजारापेक्षा अरुंद. एवढ्याशा रस्त्यात एवढा पैसा ठेवायला नको होता.”

“शेवटी कसं झालं?” कोणीतरी मला विचारलं. “अचानक?”

“अचानक,” मी म्हणाले.

“तरास नाय झाला म्हनायचा.”

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता ते सांगतील की अमेरिकेशी आमचा काही संबंध नाही. पण बाबांनी मान वर केली, डोळे पुसले आणि म्हणाले, “कोनाच्या हातात काय असतं?” लोकांनी उसासे टाकले. चार महिने पोटात धरलेलं दुःख बाबांना शेवटी बाहेर काढायला मिळालं होतं, आणि ते दुसऱ्याच देशाच्या नावावर. पाइपच्या कंपनीसाठी त्यांना कोणी भेटायला आलं नसतं. उलट नावं ठेवली असती. न्यूयॉर्कसाठी सगळा गाव आला होता. ते खरोखर रडत होते आणि मला त्यांची फार दया आली, रागही आला.

म्हातारीने रोझरी काढली. अमेरिकेत ज्यांचं ज्यांचं नुकसान झालं त्या सगळ्यांसाठी एक दहाचा जप म्हणू या, असं ती म्हणाली. बाबांनी त्यांच्या लिलावाच्या आवाजात सुरुवात केली. वीस माणसं मागून म्हणायला लागली. मला वाटतं, त्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या दलालांसाठी मनापासून प्रार्थना झाली असेल तर ती फक्त आमच्या ओसरीवर.

आई स्वयंपाकघरात कॉफी करत होती. पेज पाहुण्यांनी आणलेली चालते, पण कॉफी यजमानांनीच द्यायची. मी आत गेले. ती दूध ढवळत होती आणि माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “आपले किती होते अमेरिकेत?”

“काहीच नाही.”

“मग हे कशाला रडतात?”

बाहेर दहापैकी सातवा ‘नमो मरिया’ चालू होता. मी पर्स उघडली आणि फॉर्म तिच्यासमोर ओट्यावर ठेवला. तो इंग्रजीत होता, तिला वाचता येणार नव्हता. मी सगळं सांगितलं. भाव किती होता, आता किती आहे, बाबांनी वर आणखी कसे घेतले, काकांची पट्टी का गेली, आणि हा कागद माझ्याजवळ किती दिवस आहे. तिने दूध उतू जाऊ दिलं नाही. सांगून झाल्यावर तिने विचारलं, “आता विकले तर काय येल?”

मी आकडा सांगितला. त्यात त्या पट्टीचं कुंपणसुद्धा झालं नसतं.

“सई कुटं?”

मी पेन्सिलीने फुली केली. तिने पदराला हात पुसला आणि सही केली. या वेळी श्वास रोखला नाही. मग कपांचा ट्रे घेऊन ती बाहेर गेली, सगळ्यांना कॉफी दिली, म्हातारीला साखर जास्त लागते म्हणून पुन्हा विचारलं. लोक गेले. चपला संपल्या. ओसरीवर आम्ही तिघं आणि तीन पातेली उरलो.

बाबा नेहमीसारखं काहीतरी बोलायला गेले. आई म्हणाली, “तुमाला पेज आनली लोकांनी. पैसा माजा मेला. मना कोन आननार?”

बाबा वीस वर्षं चौथऱ्यावरून बोलणारे. ते उठून वाडीत गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत. आई आणि मी ती पेज खाल्ली. टाकून द्यायची पद्धत नाही.

काकांच्या वाडीवर दोन वर्षांत चार मजली इमारत उभी राहिली. इमारत चांगली होती, लोकही चांगले होते, मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेले. पण दुपारी दीड वाजला की तिची सावली आमच्या अंगणात यायची. दहा ते दीड. साडेतीन तासांत सुकेळी वाळत नाही, आंबते. आईची पहिली अख्खी मांडणी वाया गेली, तेव्हा ती केळी तिने गाईला घातली आणि तशीच, हातही न धुता, त्या इमारतीत गेली. सोसायटीचा सेक्रेटरी बँकेत नोकरीला असलेला तरुण मुलगा होता. तो म्हणाला, “मावशी, टेरेस कॉमन आहे ना, मला एकट्याला डिसाइड नाही करता येत. कमिटीला विचारायला लागेल.” कमिटी बसली. माश्या होणार नाहीत, जिन्यात सालं पडणार नाहीत आणि दरमहा भाडं वेळेवर येईल, या अटींवर गच्चीचा पश्चिमेकडचा अर्धा भाग आईला मिळाला. भाड्याची बोलणी करायला बाबा बरोबर येतो म्हणाले होते. आई म्हणाली, “तुमी पाट्या उचला.”

तेव्हापासून बाबा पाट्या उचलायला लागले. साठी उलटलेला माणूस, सोललेल्या केळ्यांची पाटी डोक्यावर, चार मजले. प्रत्येक मजल्यावर थांबायचे. लहान मुलं दार उघडून बघायची आणि त्यांना ‘केळीवाले आजोबा’ म्हणायची. बायकांचं काम आहे असं त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही.

एका रविवारी मीही वर गेले. गच्चीवर ऊन असं होतं की डोळे मिटावे लागत. आठ वाजल्यापासून पाचपर्यंतचं पूर्ण ऊन. आई उकिडवी बसून केळी उलटत होती. तिथून सगळं दिसत होतं, चर्च, आगाशीकडे जाणारा रस्ता, आमचं घर, त्याच्या बाजूचं सावलीतलं अंगण. ती कुठेच बघत नव्हती. दोन वर्षं जे विचारायचं होतं ते मी तेव्हा विचारलं.

“आई, तुला राग नाही येत?”

तिने हातातलं केळं उलटलं, ओळीत नीट बसवलं.

“येतो ना. त्यांचा पन येतो, तुजा पन येतो. तुजा जास्त. पन ऊन हाय तवर काम कर. ऊन गेलं की बोलू.”

ऊन जायला अजून तीन तास होते. बाबा दुसरी पाटी घेऊन जिना चढत होते, त्यांची धाप वरपर्यंत ऐकू येत होती. मी तिच्या समोर बसले आणि माझ्या बाजूची ओळ उलटायला घेतली.